संगणकीय विचार आणि प्रथम वर्षाचे प्रोग्रॅमिंग : एक चिकित्सा
(आसनगाव-शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचे रेल्वेद्वार होय. माहुलीचा किल्ला आणि भातसा धरण ही या परिसराची ओळख. शेजारचा मुरबाड तालुका अद्याप रेल्वेपासून दूर असून तेथील विद्यार्थ्यांचा प्रवास मुख्यतः रस्त्यानेच होतो. भातशेतीवर जगणाऱ्या या दोन तालुक्यांत वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती लक्षणीय आहे. याच परिसरात आसनगाव येथील शिवाजीराव एस. जोंधळे अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि मुंबई विद्यापीठाचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम गावाच्या उंबरठ्यापर्यंत आला.

अभ्यासक्रम जवळ आला, तरी त्याने गृहीत धरलेला विद्यार्थी बदलला नाही. शालेय शिक्षण मराठी माध्यमातून घेतलेला, घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा पहिलाच, असा विद्यार्थी प्रथम वर्षात संगणकाची भाषा शिकू लागतो तेव्हा त्याच्यापुढे एकाच वेळी तीन अनोळखी गोष्टी उभ्या राहतात : इंग्रजी, 'सी' भाषा आणि समस्येची पायरीपायरीने मांडणी करण्याची रीत. यांतील पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ होते. तिसरी मात्र आपोआप येईल असे मानले जाते. ती आपोआप येत नाही, आणि प्रारंभिक प्रोग्रॅमिंगच्या प्रचलित अध्यापनाची मुख्य उणीव हीच आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विशिष्ट महाविद्यालयाचे वा शिक्षकांचे मूल्यमापन येथे अभिप्रेत नाही. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांच्यामागील दृष्टी तपासणे एवढाच हेतू आहे.

१. 'संगणकीय विचार' : संज्ञा आणि तिची मर्यादा

सिमोर पॅपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) या ग्रंथात मुलाने संगणकाला शिकवता शिकवता स्वतः विचार करायला शिकावे अशी कल्पना मांडली. 'लोगो' भाषेतील कासवाला पुढे जा, वळ, अशा आज्ञा देत भूमितीची आकृती काढणारे मूल हे त्यांचे आदर्श उदाहरण होते. पुढे मार्च २००६ मध्ये जेनेट विंग यांच्या एका छोट्या लेखाने 'संगणकीय विचार' ही संज्ञा जगभर रूढ केली. मोठ्या समस्येचे लहान भाग पाडणे, अनावश्यक तपशील वगळून सार पकडणे, पायऱ्यांची निश्चित मांडणी करणे, ही कौशल्ये वाचन-लेखन-गणिताइतकीच सर्वांना आवश्यक आहेत, अशी त्यांची भूमिका होती. संगणकीय विचार म्हणजे केवळ प्रोग्रॅम लिहिणे नव्हे, असेही त्यांनी बजावले होते. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या संज्ञेचा समावेश झाला.

ही भूमिका आकर्षक असली तरी ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्येच असा इशारा दिला होता की, प्रोग्रॅमिंग शिकल्याने सर्वसाधारण विचारशक्ती वाढते या दाव्यास पुरेसा आधार नाही. एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्या क्षेत्रात आपोआप उतरत नाही. म्हणजे 'सी' शिकलेला विद्यार्थी त्या बळावर शेतीचे वा प्रवासाचे नियोजन अधिक चांगले करील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. संगणकीय विचार हवा असेल तर तो हेतुपूर्वक शिकवावा लागतो.

२. अभ्यासक्रमाची संहिता

अभ्यासक्रमाकडे एक संहिता म्हणून पाहिल्यास तिच्या शीर्षकातूनही दृष्टी प्रकट होते. मुंबई विद्यापीठाच्या २०१२ व २०१६ च्या रचनेत प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या या विषयाचे नाव 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग ॲप्रोच' असे होते. २०१९ च्या रचनेत ते 'सी प्रोग्रॅमिंग' झाले. पहिल्या नावात रीत होती, दुसऱ्यात केवळ साधन उरले. २०२४ पासून आलेल्या नव्या रचनेचा विचार येथे केलेला नाही. परंतु त्याआधीच्या दशकाचा कल या नामांतरातून स्पष्ट दिसतो.

शीर्षकापेक्षा घटकांचा क्रम अधिक बोलका आहे. २०१९ च्या रचनेत अल्गोरिदम आणि फ्लोचार्ट यांचा परिचय पहिल्या घटकात येतो आणि त्याच घटकात कीवर्ड, डेटा प्रकार, ऑपरेटर यांची यादी सुरू होते. पुढे नियंत्रण रचना, फंक्शन, ॲरे व स्ट्रिंग, स्ट्रक्चर, पॉइंटर असे घटक येतात. हा क्रम भाषेच्या अवयवांचा आहे. विचाराची रीत दारात स्वागताला उभी राहते आणि पाहुणे आत गेल्यावर पुन्हा दिसत नाही. याउलट अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात याच विषयाला 'प्रोग्रॅमिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' असे नाव असून, ॲरेनंतर शोधणे व क्रम लावणे यांसारख्या मूलभूत अल्गोरिदमांसाठी स्वतंत्र घटक आहे. आठवड्यास ३ तास व्याख्यान आणि ४ तास प्रयोगशाळा अशी त्याची मांडणी असून, करून शिकण्याला तीत अधिक वाव आहे.

मूळ साधनाचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी 'सी' घडविली ती युनिक्स प्रणालीच्या उभारणीसाठी, नवशिक्यांच्या वर्गासाठी नव्हे. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथानेच आपण प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक पुस्तक नसल्याचे प्रस्तावनेत सांगून टाकले होते. एक आकडा वाचण्यासाठी व्हेरिएबलचा मेमरीतील पत्ता द्यावा लागतो. पत्ता म्हणजे काय हे मात्र अखेरच्या घटकात कळते. तोपर्यंत 'स्कॅनएफ'मधील ते चिन्ह विद्यार्थ्याच्या दृष्टीने मंत्रातील बीजाक्षरच ठरते : का ते विचारायचे नाही, चुकवायचे मात्र नाही.

३. तीन पुस्तके, तीन वाटा

नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे भारतीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांचे पुस्तक. त्याच्या आरंभी एक प्रसिद्ध साम्य दिलेले आहे : इंग्रजी शिकताना जशी आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये आणि शेवटी परिच्छेद, तशीच 'सी' शिकताना आधी चिन्हे, मग स्थिरांक व कीवर्ड, मग विधाने आणि शेवटी प्रोग्रॅम. साम्य सोपे आहे, परंतु कोणतेही मूल मातृभाषा या क्रमाने शिकत नाही. त्याला आधी काही सांगायचे असते आणि त्यासाठी ते शब्द शोधते. अक्षरांपासून परिच्छेदाकडे जाणारी वाट ही व्याकरणाची वाट आहे. तिच्यातून वाक्य शुद्ध होईल. सांगायचे काय, हे तिच्यातून कळणार नाही. तथापि या पुस्तकाचा गुणही नोंदविला पाहिजे. त्याची शैली गप्पांसारखी मोकळी आहे आणि 'या प्रोग्रॅमचे उत्तर काय येईल' या प्रकारचे त्याचे स्वाध्याय विद्यार्थ्यास प्रोग्रॅम वाचावयास लावतात. रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये सात देशांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, अनेकांना दिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने तपासून त्याचे उत्तर सांगणेही जमत नाही. त्या दृष्टीने कानेटकरांचे स्वाध्याय उपकारक आहेत.

आर. जी. ड्रोमी यांचे 'हाऊ टू सॉल्व्ह इट बाय कॉम्प्युटर' (१९८२) दुसऱ्या वाटेने जाते. त्याचे मूलभूत अल्गोरिदमांचे प्रकरण दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल या साध्या प्रश्नाने सुरू होते. प्रत्येक प्रश्नाची आधी मांडणी, मग उत्तर कसे सुचले याचा माग, मग पायऱ्या आणि त्यानंतर पास्कल भाषेतील प्रोग्रॅम, असा त्याचा क्रम आहे. उत्तर कसे सुचले हे सांगणे हाच त्याचा विशेष. मात्र त्याची उदाहरणे बहुतांशी गणिती आहेत, आणि गणिताची भीती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला हे दार जड वाटते.

तिसरी वाट मुंबईतच तयार झाली. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे अभिराम रानडे यांचे 'ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रॅमिंग थ्रू सी++' (२०१४) पॅपर्ट यांचे कासव महाविद्यालयात आणते. 'सिम्पलसीपीपी' या साहाय्यक संग्रहामुळे विद्यार्थी पहिल्याच पाठात 'रिपीट' आज्ञेने चौकोन काढतो. पुनरावृत्तीची कल्पना व्याकरणाच्या आधी हाती येते. भागाकार, मसावि यांसारख्या रीती आपण शाळेतच शिकलो आहोत आणि प्रोग्रॅम म्हणजे त्याच रीतींचे नेमके निवेदन, ही या पुस्तकामागील जाणीव मोलाची आहे. परंतु हे पुस्तक कठीण प्रवेश परीक्षा पार करून आलेल्या वर्गातून घडलेले असल्यामुळे त्याची चढण लवकर तीव्र होते. आसनगावच्या वर्गासाठी त्याचा आरंभ घ्यावा, वेग घेऊ नये.

४. पावसाच्या सरासरीचा प्रश्न

नवशिक्यांच्या अडचणी नेमक्या कोठे असतात हे दाखविणारा एक प्रश्न या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. येल विद्यापीठातील इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तो वापरला. पावसाचे आकडे एकामागून एक वाचावयाचे, ९९९९९ हा आकडा आला की थांबावयाचे, ऋण आकडे चुकीचे मानून सोडून द्यावयाचे आणि उरलेल्यांची सरासरी काढावयाची. प्रश्न शालेय वाटतो, तरीही तो असंख्य विद्यार्थ्यांना अडखळवीत आला आहे. मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाच्या २००१ च्या बहुराष्ट्रीय पाहणीत प्रश्न वेगळे होते, पण चित्र तेच : चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना प्रारंभिक अभ्यासक्रमानंतर ११० पैकी सरासरी २२.८९ गुण मिळाले. ही अडचण केवळ ग्रामीण वा मराठी विद्यार्थ्यांची नाही, हे यावरून स्पष्ट होते.

धुवाधार पावसाच्या शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न परका राहत नाही. नमुन्यादाखल सहा दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा मानू : ४२, ०, ११८, −१, ६५, ७०, आणि शेवटी ९९९९९ ही थांबण्याची खूण. −१ म्हणजे पर्जन्यमापकाची चुकीची नोंद. ग्राह्य नोंदी पाच, बेरीज २९५, सरासरी ५९. ऋण आकडा वगळावयाचा राहिला तर उत्तर ४९ येते. कोरडा दिवस म्हणजे नोंदच नाही असे समजून शून्य गाळले तर ७३.७५ येते. थांबण्याची खूणच बेरजेत गेली तर हजारोंच्या घरात आकडा जातो. एकही ग्राह्य नोंद नसेल तर शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. यांतील कोणतीही चूक 'सी'च्या व्याकरणाची नाही. कंपायलर यांतील एकही चूक दाखवीत नाही. आकडे घेणे, थांबणे, गाळणे, बेरीज, मोजणी आणि भागाकार या सहा साध्या योजना एकमेकींत नेमक्या कोठे गुंफावयाच्या, हा खरा प्रश्न आहे. सोलोवे यांचे निरीक्षण हेच होते की, नवशिक्याला सुटे तुकडे येतात. ते जोडणे येत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व वर्गापुरते नाही. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानून पीकनुकसानीच्या मदतीचा विचार होतो. वरील नोंदींत असे दिवस दोन आहेत. 'पेक्षा अधिक' ऐवजी 'किंवा त्याहून अधिक' असे लिहिले गेल्यास ते तीन होतात. २०२३ मध्ये राज्य शासनाने 'सततचा पाऊस' हीही आपत्ती मानण्याचे ठरविले. तिच्या निकषांत सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर पाऊस ही अट आहे. 'सलग' हा एक शब्द प्रोग्रॅममध्ये उतरविताना मोजणी वाढविणे पुरत नाही. कमी पावसाचा दिवस येताच ती पुन्हा शून्यावर आणावी लागते. हे शून्य विसरणाऱ्या प्रोग्रॅमने महिन्यातील पाच सुटे दिवसही सलग ठरविले असते. भाताचे खाचर असलेल्या घरातील विद्यार्थ्याला 'सलग' म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही. समजवावे लागते ते त्याचे पायऱ्यांतील रूप. फॅक्टोरियल आणि फिबोनाची यांच्या जोडीला असे प्रश्न पाठ्यपुस्तकांत आल्यास कौशल्य आणि अनुभव यांची गाठ पडू शकेल.

५. भाषेचा प्रश्न : शब्द की विचार?

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची अडचण म्हटली की उपाय म्हणून भाषांतर सुचविले जाते. त्या दिशेने काही प्रयत्न झालेही आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने 'सी' व 'सी++'चे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ मध्ये संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकविण्यास प्रारंभ झाला. हे प्रयत्न स्वागतार्ह होत. परंतु 'व्हेरिएबल'ला 'चल' म्हटल्याने विद्यार्थ्याचा गोंधळ मिटत नाही. गणितातील 'चल' समीकरणात एक अज्ञात किंमत धारण करतो. प्रोग्रॅममधील व्हेरिएबल ही एक जागा असते आणि तिच्यातील किंमत पावलागणिक बदलते. एक मिळविल्यावर संख्या स्वतःशीच समान कशी, हा विद्यार्थ्याचा प्रश्न चुकीचा नाही. बरोबरीच्या चिन्हाचा अर्थ बदलला आहे हे त्याला सांगितलेले नसते.

मराठीचा खरा उपयोग संज्ञांपेक्षा वाक्यरचनेत आहे. 'जर-तर' आणि 'जोपर्यंत-तोपर्यंत' या जोड्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात आधीपासून आहेत. 'सी'मधील 'व्हाइल' पुढे चालू राहण्याची अट मागते; नवशिके अनेकदा थांबण्याची अट लिहितात. मराठीत 'पाऊस थांबेपर्यंत' आणि 'जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत' हे दोन्ही सहज बोलले जाते. पहिल्यात थांबण्याची अट आहे, दुसऱ्यात नकार उघड असल्यामुळे चालू राहण्याची अट आहे. एकाच आशयाची ही दोन रूपे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली, तर '९९९९९ येत नाही तोपर्यंत' हे वाक्य जवळजवळ शब्दशः 'व्हाइल'मध्ये उतरते. इंग्रजीच्या 'अन्टिल'मध्ये हा नकार दडलेला राहतो. मराठी येथे अडसर नसून वाट आहे.

अर्थात बोलभाषेचा एक धोकाही आहे. रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या एका मूळ गैरसमजाकडे लक्ष वेधले : संगणकाच्या आत कोणीतरी समजूतदार बसले आहे आणि आपला हेतू त्याला कळेल, असे त्यांना नकळत वाटत असते. मराठीत पायऱ्या लिहिताना हा गैरसमज बळावू शकतो, कारण माणसाला सांगितलेल्या मराठीत पुष्कळ काही अध्याहृत असते. म्हणून मराठी पायऱ्या लिहून थांबणे पुरेसे नाही. एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या पायऱ्या दुसऱ्याने, स्वतःची अक्कल न वापरता, कागदावर चौकोन आखून त्यांतील आकडे खोडत-बदलत पार पाडाव्यात. बेनेडिक्ट ड्यू बूले यांनी ज्याला यंत्राचे कल्पित रूप म्हटले, ते असे हाताने चालवून पाहिल्यावरच मनात ठसते. यास प्रयोगशाळा लागत नाही आणि वीज गेली तरी तास चालू राहतो.

६. परीक्षेचे शासन

अध्यापनावर अखेरचे शासन परीक्षेचे असते. अपेक्षित प्रोग्रॅम कागदावर जसाच्या तसा लिहिणे, जर्नलमध्ये ठरावीक प्रयोग उतरविणे आणि तोंडी परीक्षेत व्याख्या सांगणे या चौकटीत पाठांतर हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. त्यासाठी विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. अनुत्तीर्ण होऊन केटी लागणे म्हणजे शुल्क आणि वेळ यांचा भार, आणि मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील घराला तो परवडणारा नसतो. पण ज्याला पाठांतराने उत्तीर्णता मिळते त्याचे नुकसान अधिक खोल आहे, कारण ते नोकरीच्या पहिल्या चाचणीपर्यंत लक्षात येत नाही.

आता या पाठांतराचा बाजारभावही उरलेला नाही. जेम्स फिनी-ॲन्स्ले आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये 'कोडेक्स' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीस प्रथम वर्षाच्या परीक्षेचे प्रश्न आणि पावसाच्या प्रश्नाची अनेक रूपे दिली, तेव्हा परीक्षेत ती वर्गाच्या वरच्या चतुर्थांशात बसली. ठरावीक प्रोग्रॅम यंत्र लिहू लागल्यावर माणसाकडे उरते ते काम म्हणजे समस्या नेमकी मांडणे आणि आलेले उत्तर तपासणे. 'पेक्षा अधिक' हवे की 'किंवा त्याहून अधिक', हे यंत्राला सांगणारा जाणकार लागणारच. म्हणून प्रोग्रॅम वाचून उत्तर सांगणे, चुकीचा प्रोग्रॅम दुरुस्त करणे, विस्कळीत ओळींचा योग्य क्रम लावणे, कोणत्या आकड्यांवर प्रोग्रॅम चुकेल ते शोधणे, अशा प्रश्नांना परीक्षेत गुण असले पाहिजेत. यांतील ओळींचा क्रम लावण्याचा प्रकार डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला. त्याला लिहावे कमी लागते आणि विचार अधिक, म्हणून इंग्रजीत अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला तो न्याय देणारा आहे.

निष्कर्ष

प्रारंभिक प्रोग्रॅमिंगच्या प्रचलित मांडणीत भाषेचे अवयव शिकविले जातात आणि विचाराची जोडणी विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडली जाते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वा शेजारी विचारावयास कोणी आहे, तो ही उणीव बाहेरून भरून काढतो. आसनगावच्या गाडीने घरी परतणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे वर्गाबाहेर ही सोय क्वचितच असते. त्याच्यासाठी वर्गातला तास हीच एकमेव संधी होय, आणि म्हणून अभ्यासक्रमातील ही उणीव त्याच्या वाट्यास सर्वाधिक येते.

यासाठी 'सी' सोडून दुसरी भाषा घेणे हा मुख्य उपाय नव्हे. भाषा बदलली तरी पावसाचे शून्य गळतच राहील. अल्गोरिदमचा विचार पहिल्या घटकात न संपविता प्रत्येक घटकात परत आणणे, पायऱ्या आधी मराठीत लिहून हाताने चालवून पाहणे, परिसरातील नोंदींवर आधारित प्रश्न देणे आणि वाचन व तपासणी यांना परीक्षेत स्थान देणे, एवढे विद्यमान चौकटीतही शक्य आहे. यांतील शेवटची गोष्ट विद्यापीठाच्या हाती आहे. पहिल्या तीन उद्याच्या तासाला करता येण्याजोग्या आहेत.